आईंचं सहस्रचंद्रदर्शन वाईजवळच्या शेतावर: पहिल्यांदाच असा घाट घालणाऱ्यांसाठी

आमच्या घरात असे कार्यक्रम दोन झाले. २०१६ च्या डिसेंबरात सासऱ्यांची पंच्याहत्तरी, आमच्याच शेतावर. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन, वाईजवळ भाड्याने घेतलेल्या एका शेतघरात, शनिवार-रविवार धरून. पहिला कार्यक्रम सगळ्यांना फार आवडला. फक्त ज्यांची पंच्याहत्तरी होती ते सव्वातीन वाजेपर्यंत उपाशी होते. हार, शाल, भाषणं, फोटो, उशिरा आलेल्यांबरोबर परत फोटो. दादा बिचारे हसतमुखाने चार तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिले. रात्री त्यांच्या पायाला तेल लावायला बसले तर घोट्याजवळ बोट दाबलं की खळगा पडत होता आणि भरून यायला वेळ लागत होता.

त्या खळग्यामुळे दुसऱ्या वेळी सगळं उलट्या टोकाकडून ठरवलं. आई किती वाजता उठतात, किती वाजता जेवतात, किती वेळ बसू शकतात, रात्री किती वेळा उठतात, हे आधी कागदावर लिहिलं आणि पाहुणे, मांडव, फिरणं हे सगळं त्याच्याभोवती बसवलं. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत आता कुणाच्या घरी साठी, पंच्याहत्तरी, लग्नाची पन्नाशी आली की मला विचारायला येतात. दर वेळी तेच तेच सांगते, म्हणून एकदा लिहूनच काढते.

१. आधी वय नीट मोजा

आपल्याकडच्या जुन्या माणसांची कागदावरची जन्मतारीख १ जून असते. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सोयीने लिहिलेली. आधार कार्डावर विसंबून हॉल बुक केलात तर कार्यक्रम भलत्याच महिन्यात होईल. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आत्याला, मावशीला विचारा. त्यांना तारीख सांगता येणार नाही, पण ‘पाडव्याच्या चौथ्या दिवशी, आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या’ हे नक्की सांगतील. तेवढ्यावर जुन्या पंचांगातून तिथी काढता येते. आमच्या आईंचा जन्म असाच निघाला, १९४४ चा चैत्र.

सहस्रचंद्रदर्शन म्हणजे हजार पौर्णिमा पाहिल्या. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. हजार पौर्णिमांचे २९,५३० दिवस होतात, म्हणजे ८० वर्षं आणि साधारण १० महिने. दुसऱ्या बाजूने मोजा: ८० वर्षांत बाराच्या हिशेबाने ९६० पौर्णिमा होतात, शिवाय दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिकमास धरून आणखी एकोणतीस-तीस. उरलेल्या दहा-अकरा पौर्णिमांना दहा महिने लागतात. काही घरांत ऐंशी पूर्ण झाल्याबरोबर करतात, काही एक्क्याऐंशी पूर्ण झाल्यावर. तुमच्या घरची जी रीत असेल ती. मात्र फार लांबवू नका. आमच्या दादांना हजार पौर्णिमांना दीड वर्ष कमी पडलं.

२. तारीख: कालनिर्णय, ऊस आणि यात्रा

नुसता सुट्टीचा शनिवार-रविवार बघून तारीख ठरवणारे माझे दीर. त्यांनी पुण्यातून फर्मान काढलं, फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. बघितलं तर एकादशी. आमच्याकडे निम्मी माणसं एकादशी धरणारी, म्हणजे श्रीखंड-पुरीच्या पंगतीत निम्म्या पानांवर साबुदाणा. पुढचा रविवार बघितला तर संकष्टी, जेवण चंद्रोदयानंतर. शेवटी चौथा शनिवार-रविवार धरला. तेव्हा दासनवमी होती, म्हणून सज्जनगडाच्या बाजूला, परळी खोऱ्यात बघितलेली एक चांगली जागा सोडून दिली. दासनवमीला तो रस्ता भरून वाहतो.

सातारा जिल्ह्यात तारीख धरताना एवढं बघा:

पौषी पौर्णिमेला मांढरदेवला काळुबाईची यात्रा असते. त्या आठवड्यात वाईच्या बाजूला काही ठरवू नका. पौषातच पालीच्या खंडोबाची यात्रा, ती कराडच्या बाजूला. डिसेंबरात पुसेगावची सेवागिरी महाराजांची. यात्रेच्या दिवसांत गाड्याच अडकतात असं नाही, त्या टापूतले आचारी, मांडववाले, वाजंत्री कुणीच मोकळे नसतात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, तेव्हाही तीच गत.

पावसाळ्यात मावळतीकडची बाजू, म्हणजे मेढा, बामणोली, ठोसेघर, बघायला स्वर्ग आहे. पण म्हाताऱ्या माणसाचा कार्यक्रम तिथे जुलैत ठेवू नका. निसरडं अंगण आणि ऐंशीचं कंबरेचं हाड, ही जोडी नको.

हुरड्यासाठी म्हणून करायचं असेल तर डिसेंबर मध्य ते जानेवारी अखेर, आणि जागा कोरेगाव-खटावकडची. आमच्या मुंबईच्या भाच्यांनी फेब्रुवारीच्या शेवटाला ‘मामी, हुरडा पार्टी पण ठेवूया ना’ म्हणून धोशा लावला. तोवर ज्वारीचे दाणे कडक होऊन काढणीला आलेले असतात. कोवळा दाणा नखाने दाबला की दूध यायला पाहिजे, तो खरा हुरडा. गोठवलेला हुरडा मिळतो म्हणे. मी तरी आणला नाही.

३. जागा

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला.

घरचं शेत असेल तर मोह होतोच. आम्हालाही झाला होता. पण शेतावरची थ्री-फेज लाइट आठवड्याच्या पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. पंच्याहत्तरीच्या आठवड्यात आमची पाळी रात्रीची होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी नऊला टाकीतलं पाणी संपलं आणि मोटर चालेना. दीडशे माणूस आणि हात धुवायला पाणी नाही. शेजारच्या वस्तीवरून ट्रॅक्टरने पिंपं आणली. शेतावरच करणार असाल तर त्या आठवड्याची पाळी वायरमनला विचारा, आदल्या रात्री टाकी भरून ठेवा आणि जनरेटर सांगा. शिवाय नुकतीच नोटाबंदी झालेली, मांडववाल्याला द्यायला रोख नाही, ते पुराण वेगळंच.

भाड्याने घेणार असाल तर फार्महाऊस, कृषी पर्यटन केंद्र, होमस्टे अशी नाना नावं दिसतील. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं आणि अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. नोंदणीचं प्रमाणपत्र बघायला मागा. नोंदणी म्हणजे जागा चांगली असा अर्थ नाही, पण माणूस रीतसर धंदा करतोय एवढं कळतं.

जागा बघायला स्वतः जा. मोबाइलवरच्या फोटोत स्विमिंग पूल दिसतो, संडास दिसत नाही. आणि जाताना घरातल्या एखाद्या गुडघेदुखीवाल्या माणसाला बरोबर न्या. मी माझ्या आईला नेलं होतं. पहिल्या जागी ती गाडीतून उतरली, पायऱ्या बघितल्या आणि परत गाडीत बसली. तिथला निकाल दोन मिनिटांत लागला.

मी वहीत लिहून नेलेले प्रश्न असे होते:

– उत्सवमूर्तीची खोली तळमजल्यावर आहे का? खोलीतच कमोड आहे का? नसेल तर कमोडची खुर्ची दवाखान्याचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानातून एका दिवसासाठी मिळते.
– बाथरूमच्या दाराला उंबरा किती उंच? फरशी ओली झाल्यावर कशी होते? (खरंच तांब्याभर पाणी ओतून बघा. मालक बघतो विचित्र नजरेने, बघू दे.)
– खोलीपासून मांडवापर्यंत किती पावलं? चाकाची खुर्ची जाते का?
– गरम पाणी सोलरचं की बंबाचं? सोलरचं असेल तर सव्वीस माणसांत सकाळी सातनंतर काय?
– मोबाइलला रेंज कुठे येते? जवळचा दवाखाना किती मिनिटांवर? १०८ ची गाडी आत फाटकापर्यंत येऊ शकते का?
– आवारात वडाचं-पिंपळाचं मोठं झाड आहे का, आणि त्यावर आग्यामोहोळ आहे का?

शेवटचा प्रश्न लोकांना गमतीचा वाटतो. वाटू नये. धूर, फटाके, उग्र अत्तर यांनी आग्यामाशी उठली तर कार्यक्रम संपला म्हणून समजा. झाडाखाली मांडव घालायच्या आधी मान वर करून फांद्या बघायच्या. आम्ही घेतलेल्या जागी वडाच्या उंच फांदीला एक पोळं होतं. मालक म्हणाले, ‘काय करत न्हाईत ओ, कायमची हायत.’ आम्ही मांडव आंब्यांच्या बाजूला हलवला आणि फटाके, धुराचे बार सगळं बंद केलं. नातवंडं हिरमुसली, पण थोडाच वेळ.

ठरलं की इसार द्या आणि पावती घ्या. पावतीवर किती खोल्या, किती वाजता आत, किती वाजता बाहेर, स्वयंपाकघर वापरायला मिळणार का, जनरेटरचं डिझेल कुणाचं, भांड्यांचं काय, हे सगळं लिहून घ्या. ‘बघू की, आपलंच हाय सगळं’ असं तोंडी म्हणणारा मालक गोड असतो, पण जाताना हिशेबाला त्याचा मेव्हणा बसतो.

४. माणसं बोलावताना

दोन याद्या करा. मुक्कामाची वेगळी, रविवारच्या जेवणाची वेगळी. आमच्या मुक्कामाला २६ जण होते आणि जेवणाला ६० धरले होते, आले ६७. खेड्यातला आमंत्रणाचा नियम असा की ‘सहकुटुंब’ लिहिलंत तर सहकुटुंबच येतात, आणि तसंच पाहिजे.

पुण्याहून येणाऱ्यांना ठणकावून सांगा: शनिवारी सकाळी आठच्या आत खंबाटकी ओलांडा, नाहीतर दुपारी दोननंतर निघा. मधल्या वेळी अख्खं पुणं महाबळेश्वरला निघालेलं असतं. पुण्याकडून येताना घाट संपला की सुरूर फाट्याला वाईकडे वळायचं, साताऱ्याकडून जाणाऱ्यांनी पाचवडला वळायचं. हे दोन फाटे ग्रुपवर लिहून टाका. मोबाइलचा नकाशा कधीकधी उसातल्या पाणंदीत नेऊन सोडतो.

ऊस म्हटल्यावर आठवलं. नोव्हेंबर ते मार्च रात्री या रस्त्यांवरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागे दिवा असेलच असं नाही. अंधार पडायच्या आत पोहोचा. माझ्या जावेचा भाऊ दादांच्या कार्यक्रमाला येताना अशाच एका उभ्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबला होता. तो अजून सांगतो.

५. जेवण

शनिवारी रात्री साधं. पिठलं, ज्वारीची आणि बाजरीची भाकरी, ठेचा, वाघ्या घेवड्याची उसळ, भात. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, पण ते मानांकन मिळायच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात पाहुण्याला तोच होतो. भाकऱ्या करायला गावातल्याच दोघी बाया सांगा. माणशी दोनच्या हिशेबाने सांगाल तर कमी पडतील, चुलीवरची भाकरी बघून पुण्याची माणसं तीन खातात.

रविवारी पंगत. बुफे करू नका. म्हाताऱ्या माणसांना हातात ताट धरून उभं राहून जेवता येत नाही, आणि खुर्ची मिळाली तर ताट ठेवायला जागा मिळत नाही. टेबल-खुर्च्यांची पंगत, केळीचं पान. साठ माणसांना मसालेभाताला साडेपाच-सहा किलो तांदूळ पुरतो. मठ्ठा मात्र ढिला हात ठेवून करा, उन्हात तोच संपतो.

आमचा एकच कडक नियम होता: आईंचं पान साडेअकराला, खोलीत, पंगतीच्या आधी. गोळी साडेअकराच्या जेवणावर असते ना. त्यांच्या धाकट्या बहिणीचं पानही तिथेच मांडलं. नंतर पहिल्या पंगतीत आई मानाने येऊन बसल्या, वाटीभर श्रीखंड चाखलं, सगळ्यांना आग्रह केला. ‘उत्सवमूर्ती आधी जेवली’ म्हणून कुणीतरी नाक मुरडतंच. त्यांना दादांच्या पायाची गोष्ट सांगायची.

६. विधी, औक्षण आणि तुला

होम-शांत करायची असेल तर गुरुजींना आधीच विचारा की यजमानाला किती वेळ पाटावर बसावं लागेल. खुर्चीत बसून चालेल का, मुलाने संकल्प केला तर चालेल का. बहुतेक गुरुजी समजूतदार असतात, विचारायचा अवकाश. आमचा विधी सकाळी साडेनऊला सुरू होऊन सव्वादहाला आटोपला. पाऊण तासाच्या वर आईंना एका जागी बसवायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

औक्षणाला ८१ दिवे. हे वाचायला सोपं आहे. कणकेचे दिवे आदल्या रात्री करून ओल्या फडक्याखाली ठेवा, नाहीतर तडकतात आणि तूप गळतं. फुलवाती तुपात भिजवूनच दिव्यात घाला. आणि शेतावर वारा असतो, हे घरात तालीम करताना लक्षात येत नाही. एका बाजूने चाळीस पेटवेपर्यंत दुसऱ्या बाजूचे पंधरा विझलेले. आम्ही शेवटी आतल्या पडवीत परात ठेवली, तीन बाजूंनी सतरंज्या धरून पोरं उभी केली आणि तिघींनी तीन टोकांनी पेटवले. ८१ दिवे एकदम पेटले की धग चांगलीच लागते. परात तोंडाजवळ नेऊ नका, दोन हात लांबूनच ओवाळा. पदर खोचलेला, केस बांधलेले. पाण्याची कळशी जवळ.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्या आई विधवा आहेत. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी एका नातेवाईक बाईंनी हळूच विचारलं, ‘औक्षण कसं करणार गं? आणि हळदीकुंकू?’ तुमच्याही घरात असं कुणीतरी विचारेल, म्हणून लिहिते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. हे मी त्या बाईंना सांगितलं, पण खरं सांगायचं तर ठरावाने काम भागत नाही. काम भागतं ते घरातली एक बाई आधी पुढे झाल्याने. माझ्या नणंदेने भरल्या मांडवात करंडा घेतला आणि आईंच्या कपाळाला कुंकू लावलं. आई क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘नीट लाव की, तिरकं लागलंय.’ त्यानंतर रांग लागली, आणि विचारणाऱ्या बाईही रांगेत होत्या. एवढंच करा: पहिलं कुंकू कोण लावणार हे आधी ठरवून ठेवा, आणि उत्सवमूर्तीला स्वतःला चालणार आहे का, हे एकांतात विचारून घ्या. त्यांना नको असेल तर आपला पुढारपणा नको.

तुला करायची असेल तर गुळाची, धान्याची, पुस्तकांची, कशाचीही करता येते. आईंनी वह्या म्हटलं, गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी. शंभरपानी वह्यांचा डझनाचा गठ्ठा पावणेदोन-दोन किलो भरतो. आईंचं वजन ४२ किलो, त्या हिशेबाने आम्ही २५ डझन आणल्या, थोड्या उरतील म्हणून.

जुना टांगता तराजू आणू नका, दिसायला छान असतो पण म्हाताऱ्या माणसाला त्यात बसवताना झोका जातो. भुसार दुकानातला सपाट काटा आणा, त्यावर पाठीची खुर्ची ठेवा, खुर्चीचं वजन आधी वजा करा. आईंना बसवलं. त्या म्हणाल्या, ‘मला काय बाजारात मांडलंय का रं?’ आकडा आला ४६. मी दोन वेळा बघितलं. आदल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे ४२ होतं. धाकटा नातू खुर्चीमागे उभा राहून हसत होता. मग कळलं, आईंच्या पदराखाली त्या शेतघराच्या स्वयंपाकघरातला लोखंडी खलबत्ता होता. नातवानेच आणून दिलेला. ‘चार किलो जास्त जाऊ देत पोरांना. तुमचं काय जातंय?’ २५ डझनांतली एकही वही उरली नाही.

७. फिरणं: एका दिवशी एकच

दोन दिवसांत वाई, पाचगणी, महाबळेश्वर, कास, ठोसेघर, प्रतापगड असं कुणीतरी ग्रुपवर टाकेल. त्याला लाइक करू नका. ज्येष्ठांना घेऊन एका दिवशी एकच ठिकाण, ते गाडीच्या जवळ असलेलं.

वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांना झेपतो. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ बांधलं. कृष्णेच्या पुराचं पाणी फाकावं म्हणून पाठीमागची भिंत माशासारखी निमुळती केलेली आहे, ती मुलांना मागे नेऊन दाखवा. रविवारी दुपारी गर्दी असते, आम्ही शनिवारी संध्याकाळी पाचला गेलो.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. घाटावरच्या देवळात मोठी घंटा आहे, ती १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची, पोर्तुगीजांच्या चर्चमधली असं सांगतात. घंटेवर कोरलेली मेरी आणि बाळ येशू दिसतात. घाटाच्या पायऱ्या आईंना जमल्या नसत्या. त्यांना वरच सावलीत बसवलं आणि दोघं नातू जोडीला ठेवले.

ज्यांना वाचायची आवड आहे अशा आजी-आजोबांसाठी भिलार. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं हे गाव २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत, कुणीही जाऊन वाचत बसावं. फेब्रुवारीत शेतात स्ट्रॉबेरी असते. पसरणीचा घाट वळणांचा आहे, पोट भरून जेवल्यावर चढू नका.

तरुण पोरांना वेगळं सोडा. आमची गँग रविवारी पहाटे लिंबला बारामोटेची विहीर बघून आली, १७१९ ते १७२४ दरम्यान बांधलेली, आत चक्क महाल असलेली. साडेनऊच्या विधीला सगळे अंघोळ करून हजर, ही अट घातली होती. दोघांनी पाळली नाही.

आणि कास. परदेशातून आलेल्या पुतण्याला फेब्रुवारीत कासची फुलं बघायची होती. कासचा बहर ऑगस्ट अखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, त्यासाठी आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं. फेब्रुवारीत तिथे वाळलेलं गवत आणि जांभा दगड. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारसा यादीत आला त्यात कास आहे, हे खरं, पण म्हणून बारा महिने फुलं येत नाहीत.

८. कागदपत्रं आणि सामान

एका फायलीत ठेवा, फाइल एकाच माणसाकडे द्या:

– मुक्कामाला राहणाऱ्या सगळ्या मोठ्यांच्या आधारच्या प्रती
– परदेशी पासपोर्ट असलेला पाहुणा असेल तर पासपोर्ट-व्हिसाची प्रत, जागामालकाला पोलिसांकडे कळवावं लागतं
– इसाराची पावती, मांडव आणि आचाऱ्याचं ठरलेलं लिहून
– लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यातली परवानगी. असली तरी रात्री दहानंतर बंद
– उत्सवमूर्तीची औषधं दोन दिवसांची नव्हे, चार दिवसांची, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत

सामानात: त्यांची स्वतःची उशी आणि गोधडी (परक्या जागी झोप त्यामुळेच लागते), रात्री संडासच्या वाटेवर लावायचा छोटा दिवा, रबरी सपाता, बीपीचं मशिन, एक्स्टेंशन बोर्ड दोन, डासांची उदबत्ती, फुलवाती जास्तीच्या, काडेपेट्या तीन. काडेपेटी कार्यक्रमाच्या वेळी कधीच सापडत नाही, म्हणून तीन.

९. निघताना

रविवारी पुण्याची माणसं तीनच्या आत वाटेला लावा. पाचला निघालेले खेड-शिवापूरच्या टोलपासून नवले पुलापर्यंत रांगतात. हातात कंदी पेढे द्या, परतीची भेटवस्तू म्हणून तेवढं पुरे. चांदीचं नाणं, फोटोचा मग वगैरे कुणी लक्षात ठेवत नाही, पेढे रस्त्यातच संपतात.

मालकाबरोबर खोल्या फिरून बघा. उशा, गाद्या, ताटं, ग्लास मोजून परत करा आणि त्याच्याकडून ‘मिळालं’ असं लिहून घ्या. आम्ही ताटं मोजली, खुर्च्या मोजल्या, गाद्या मोजल्या, डिझेलचे पैसे दिले, सही घेतली, आणि मोठ्या ऐटीत घरी आलो.

मंगळवारी मालकांचा फोन. ‘वैनी, खलबत्ता दिसंना कुठं. आज्जीच्या हातचा होता.’ मी ओशाळले. नातवाला फोन, नणंदेला फोन, गाड्यांच्या डिक्क्या उघडून झाल्या. आईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘मी त्या वह्यांवर ठेवला होता की.’

तेवढ्यात गावच्या शाळेतून मुख्याध्यापकांचा फोन आला. वह्या पोहोचल्या, मुलं खूश आहेत, आभाराचं पत्र पाठवतो. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, ‘मॅडम, खोक्यात एक लोखंडी खलबत्ता पण निघाला. तो दानातच धरायचा का?’